साखळीचा धंदा आणि आपले संसार

(सदर, नागपूर येथे विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला धम्मावर किंवा बाबासाहेबांच्या कार्यावर बोलण्याची आपली प्रथा आहे. यंदा समितीने आम्हाला वेगळा विषय दिला. माणसे जोडून पैसे कमावण्याच्या योजना, म्हणजे ज्याला कोणी नेटवर्क मार्केटिंग म्हणतात, कोणी एमएलएम म्हणतात, आणि आपल्या मोहल्ल्यात सरळ 'चेन' म्हणतात, त्यामुळे घरांचे काय होते, हा तो विषय. काहींनी विचारले, विहारात या विषयाचे काय काम? आमचे उत्तर असे की, ज्या गोष्टीमुळे दोन सख्ख्या बहिणी पौर्णिमेच्या वंदनेला वेगवेगळ्या कोपऱ्यात बसू लागतात, ती गोष्ट विहाराचीच आहे.

ही योजना घरात कशी येते ते प्रथम पाहू. चोर येतो तो रात्री, अनोळखी म्हणून येतो. ही योजना दिवसाढवळ्या येते, आणि आपलाच भाचा, आपलीच मावसबहीण, ऑफिसातला आपलाच सहकारी तिला सोबत घेऊन येतो. आधी फोन येतो. "मामाजी, घरी आहात का? एक चांगली गोष्ट सांगाची होती." काय गोष्ट आहे ते फोनवर सांगत नाहीत. मग रविवारी सोबत टाय लावलेला एक 'सर' येतो. चहा होतो. कागदावर एक गोल काढतात, त्याखाली दोन गोल, त्याखाली चार. "तुम्हाले काहीच करा लागत नाही, मामाजी. फक्त दोन माणसं जोडा लागते. ते आपापले दोन जोडतीन. तुम्ही झोपले तरी पैसा चालू." मामाजींना योजना कळलेली नसते, पण भाच्याचे मन मोडवत नाही. ते सही करतात. म्हणजे पैसे दिले ते योजनेवरच्या विश्वासापोटी नव्हे, नात्यापोटी दिले. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता त्या गोलांचा हिशेब करू. हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलालाही येतो, पण हॉलमध्ये तो कोणी करून दाखवत नाही.

समजा, योजनेत प्रत्येकाने सहा माणसे जोडायची आहेत. पहिल्या पायरीवर ६, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्यावर २१६, चौथ्यावर १,२९६. इथपर्यंत सर्व ठीक दिसते. सहाव्या पायरीवर ४६,६५६ होतात. आठव्या पायरीवर १६,७९,६१६ होतात आणि वरची सगळी धरून वीस लाखांवर जातात. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती, आणि त्यात पाळण्यातली लेकरेही आली. म्हणजे आठव्या पायरीलाच शहर जवळजवळ संपले. नवव्या पायरीला एक कोटी माणसे लागतात, दहाव्याला सहा कोटी. बाराव्या पायरीला २१७ कोटी लागतात, तेवढी भारतातही नाहीत. तेराव्या पायरीला १,३०६ कोटी लागतात, तेवढी माणसे पृथ्वीवर नाहीत.

आणि साखळी कुठेही थांबली तरी शेवटच्या पायरीवरच्यांच्या खाली कोणी नसते. सहाच्या साखळीत दर सहा जणांपैकी पाच जण या शेवटच्या पायरीवर असतात. दोनाच्या साखळीत निम्मे असतात. त्यांनी कितीही मेहनत केली, कितीही चपला झिजवल्या, तरी त्यांच्या वाट्याला माणूस येणारच नाही. कोण आळशी, कोण हुशार, याचा इथे संबंध नाही. ज्या दिवशी योजना आखली त्याच दिवशी बहुतेकांचा तोटा लिहून ठेवलेला असतो. फक्त तो कोणाच्या नावावर पडणार, एवढेच पुढे ठरते.

यावर ते एक उत्तर देतात, आणि ते ऐकून शिकलेली माणसेही गप्प होतात. म्हणतात, "सरकारी ऑफिस पण पिरॅमिडच आहे ना? वर एक साहेब, खाली दहा बाबू." हे खोटे आहे, आणि का खोटे आहे ते घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. ऑफिसात पैसा वरून खाली येतो. सर्वांत खालचा शिपाई पहिल्या तारखेला पगार घेतो, साहेबाला पगार देत नाही. साखळीत सर्वांत खालचा माणूस पैसे भरतो आणि त्या पैशातून वरच्यांचा चेक निघतो. दोन्हींचा आकार सारखा दिसला तरी पैशाची दिशा उलटी आहे.

आता एका घराचा वर्षाचा हिशेब मांडू. कोण्या एका घराचा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून. सुरुवातीचे किट १२,००० रुपयांचे. 'अॅक्टिव्ह' राहण्यासाठी दर महिन्याला २,५०० रुपयांचे साबण, पावडर, टॉनिक घ्यावे लागते, ते वर्षाचे ३०,००० झाले. मीटिंगला जाणे-येणे, पेट्रोल, फोन, आलेल्यांचा चहा-नाश्ता, महिन्याला हजार धरले तरी १२,०००. दोन मोठे सेमिनार, तिकीट आणि राहणे धरून प्रत्येकी ४,०००, म्हणजे ८,०००. एकूण ६२,००० रुपये गेले. आले किती? वर्षभरात चेक आले ते सगळे मिळून ९,४००. घरात वापरलेल्या मालाची किंमत मंगळवारी बाजारातल्या भावाने धरा, १४,०००. बाकी ३८,६०० रुपये तोटा. पण घरात तोटा दिसत नाही, कारण पहिल्या चेकची झेरॉक्स फ्रेम करून भिंतीवर लावलेली असते आणि खर्चाची वही कोणी लिहिलेलीच नसते.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. अमेरिकेत हा धंदा आपल्यापेक्षा फार जुना. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२४ साली अशा ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रके तपासली. बहुसंख्य सभासदांना वर्षाला एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरही नाही. आणि बहुतेक पत्रकांत त्या माणसांचा खर्च वजा केलेलाच नव्हता.

पैशाचा तोटा हा पहिला तोटा. त्याहून मोठा तोटा नात्यांचा. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी वही देतात आणि सांगतात, ओळखीच्या शंभर जणांची यादी कर. त्या दिवसापासून त्याच्या नजरेत काका काका राहत नाहीत, त्यांचा नंबर यादीत चौदावा असतो. लग्नाला जातो तो यादीसाठी, बारशाला जातो तो यादीसाठी. मयतीच्या घरी तिसऱ्या दिवशी विम्याच्या पैशाचा विषय काढणारेही आम्ही पाहिले. हळूहळू लोक ओळखतात. दारावर त्याचा आवाज आला की आतून सांगतात, "बाबा घरी नाहीत." ज्या घरात तो लहानपणी आजीच्या ताटात जेवला, त्या घराचे दार त्याला बंद होते.

दुसरी शिकवण याहून वाईट. "जे विरोध करतात ते निगेटिव्ह आहेत, त्यांच्यापासून दूर राहा." बहुतेक घरात निगेटिव्ह कोण निघतो? हिशेब विचारणारी बायको. पोराची फी भरायची राहिली म्हणणारी आई. किंवा बायको साखळीत असेल तर नवरा. तिने बचत गटातून कर्ज काढले, गळ्यातली पोत गहाण ठेवली, आणि ते नवऱ्याला कळले तेव्हा व्याज मुद्दलाच्या बरोबरीला आले. मग भांडणे, मग माहेर, मग अबोला. रविवार हा घरचा एकच दिवस, तो हॉलमध्ये जातो. मुले शाळेतून काय आणतात, कोणाशी खेळतात, हे पाहायला घरी कोणी नसते.

आणि शेवटी माणूस गप्प बसतो. चोरी झाली तर आपण ओरडतो, पोलीस बोलावतो. इथे त्याला आधीच शिकवलेले असते की जो हरतो तो मेहनत कमी केली म्हणून हरतो. त्यामुळे तो स्वतःलाच दोष देतो. शिवाय त्याने स्वतःच भावाला, साळ्याला, शेजारणीला आत ओढलेले असते. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध करणार? साखळी पकडली जात नाही याचे हेच मुख्य कारण आहे.

आता काही घडलेल्या गोष्टी. २०११ साली मुंबईत 'स्पीक एशिया' या कंपनीचे प्रकरण बाहेर आले. ११,००० रुपये भरायचे, कॉम्प्युटरवर सर्व्हे भरायचे आणि पैसे घ्यायचे. नवीन माणूस आणला तर वेगळे पैसे. देशभरातल्या लाखो माणसांचे पैसे त्यात गेले. २०१३ साली 'क्यूनेट'विरुद्ध मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. तिथे घड्याळे, सहलीची पॅकेजे, 'बायो डिस्क' नावाची काचेची चकती असा माल होता. २०१४ साली नाशिक-परभणीकडे 'केबीसी' नावाच्या योजनेचा फुगा फुटला. तिचा प्रमुख सिंगापूरला निघून गेला आणि २०१६ साली परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. अगदी अलीकडे, २०२४ साली दादरला 'टोरेस' नावाचे दागिन्यांचे चकचकीत दुकान उघडले. खडे घ्या, दर आठवड्याला पैसे घ्या, दुसऱ्याला आणा तर बोनस घ्या. जानेवारी २०२५ मध्ये शटर खाली आले. रस्त्यावर रडत उभे राहिलेल्यांत भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते.

आपल्या नागपूरलाही अनुभव कमी नाही. २०१३ साली 'श्रीसूर्या' आणि २०१४ साली 'वासनकर वेल्थ मॅनेजमेंट' ही प्रकरणे घडली. ती साखळी विक्रीची नव्हती, मोठ्या परताव्याच्या आशेने ठेवलेल्या पैशांची होती. पण तिथेही माणूस ओळखीच्या शब्दावर गेला, आणि गेलेला पैसा बहुतांशी आयुष्यभराच्या नोकरीचा होता.

सगळा देशच यात सापडला तर काय होते, ते अल्बानियाने पाहिले. युरोपातला, त्या वेळी तीसेक लाख वस्तीचा, हा लहान देश. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी अशा योजनांत पैसे घातले होते, अनेकांनी घरे आणि गुरे विकून. १९९७ साली योजना बुडाल्या, दंगे उसळले, सरकार पडले आणि सुमारे दोन हजार माणसे मेली.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे १९७८ सालापासून कायदा आहे. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशाचे अभिसरण करणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा हा केंद्राचा कायदा. सभासद भरती झाल्यावर पैसे देऊ, असे वचन देऊन झटपट पैशाची योजना चालवणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ही गोष्ट नीट ऐका, अशा योजनेत सभासद होणे, तिच्यात भाग घेणे, हेसुद्धा या कायद्याने मना आहे. म्हणजे भाच्याच्या शब्दावर सही करून पुढे चार जणांना आणणारे मामाजी फसलेले तर असतातच, कायद्याच्या नजरेत गुन्ह्यातही येऊ शकतात. ठेवी बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले.

या नियमांमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि न्यायाने तीही सांगितली पाहिजे. घरोघर माल विकणे गुन्हा नाही. आपल्या कितीतरी भगिनी पापड, मसाला, साड्या, बांगड्या दारोदार विकून मुलांना शिकवतात, त्यांना आमचा मानाचा जयभीम. फरक ओळखायचा तो असा. माल गिऱ्हाइकाला विकून पैसे मिळत असतील तर तो धंदा. माणूस भरती करून पैसे मिळत असतील तर ती साखळी, मग मध्ये साबण असो की सोन्याचे नाणे. नवीन नियमांप्रमाणे भरतीची फी घेता येत नाही आणि पिरॅमिड योजना चालवता येत नाही. कंपनी मोठी आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असेही नाही. १९९८ साली भारतात विक्री सुरू केलेल्या 'अॅमवे' कंपनीची ७५७ कोटींहून अधिकची मालमत्ता एप्रिल २०२२ मध्ये ईडीने पिरॅमिड योजनेच्या आरोपावरून जप्त केली. तो ईडीचा आरोप आहे, न्यायालयाचा अंतिम निकाल नव्हे. पण मोठे नाव म्हणजे चौकशीच्या पलीकडे, हा समज तरी त्यातून सुटावा.

आता एक कडू प्रश्न. ही साखळी आपल्या समाजात इतक्या लवकर का पसरते? आम्हाला तीन कारणे दिसतात. पहिले, आपल्यापैकी अनेक घरांत हातात दोन पैसे आले ते पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीतच. रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ, शाळा, मिल यांतून रिटायर झालेल्या माणसाला एकदम मोठी रक्कम मिळते, आणि तिचे काय करायचे हे सांगणारा घरात कोणी नसतो. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली, तेव्हापासून या शहरात कायम नोकरीची आशाही कमी होत गेली. दुसरे, आपल्यात एकजूट आहे. एका विहाराची शंभर घरे एकमेकांना ओळखतात, ही आपली ताकद. साखळीवाल्यासाठी तीच तयार यादी. तिसरे कारण मानाचे. ज्याला ऑफिसात आयुष्यभर कोणी 'या, बसा' म्हटले नाही, त्याला हॉलमध्ये 'सर' म्हणतात. जी बाई कधी माईकसमोर उभी राहिली नाही, तिच्यासाठी पाचशे माणसे टाळ्या वाजवतात. ही भूक खरी आहे, तिला आम्ही हसत नाही. पण मग आपण स्वतःला विचारले पाहिजे, विहारात आपण त्या बाईला कितीदा माईक दिला? त्या भावाला कितीदा मानाने पुढे बसवले?

धम्मात यावर सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले, एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. साखळी हात घालते ती नेमकी या चौथ्या भागाला. व्यग्घपज्ज सुत्तात मेहनतीने मिळवणे, मिळवलेले सांभाळणे, चांगल्यांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे, या चार गोष्टी गृहस्थाच्या हिताच्या सांगितल्या. महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविका कोणती ते येते. त्यात कपट आहे, गोड बोलून घेणे आहे, सूचक बोलून मिळवणे आहे, आणि लाभ दाखवून लाभ काढणेही आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी हॉल नव्हते, प्रोजेक्टर नव्हते, पण माणसाचा लोभ हाच होता. आणि बाबासाहेब तर अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले विद्वान. रुपयाच्या प्रश्नावर ज्यांनी १९२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांच्या अनुयायांनी हिशेब न करता सही करावी, हे शोभत नाही.

म्हणून काही सूचना मांडतो. समितीने आणि आपण सर्वांनी त्यांचा विचार करावा.

एक, विहाराच्या जागेत, व्हरांड्यातसुद्धा, अशा योजनांची मीटिंग होऊ नये. विहाराची वर्गणीची वही आणि तिच्यातले फोन नंबर कोणालाही देऊ नयेत.

दोन, दहा हजारांवरची कोणतीही सही नवरा-बायको दोघांनी बसून, कागद वाचून आणि आठ दिवस थांबून करावी. "आजच भरा, उद्या ऑफर संपते" असे कोणी म्हटले तर तेवढेच कारण नाही म्हणायला पुरे आहे.

तीन, सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. मी एकही माणूस आणला नाही तर मला काय मिळेल? हा माल बाजारात किती रुपयांना मिळतो? तुमचा मागच्या वर्षाचा खर्च वजा जाता नफा किती, वही दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक सर निघून जातात.

चार, विहारात बँकेतून, कोर्टातून, लेखा कार्यालयातून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांतल्या तिघांनी महिन्यातून एक रविवार सकाळी दोन तास बसावे. ज्याला कागद दाखवायचा त्याने दाखवावा. फी नाही, उपदेश नाही.

पाच, फसवणूक झाली असेल तर पावत्या, मेसेज, बँकेच्या नोंदी जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ आहे. बेकायदा ठेवींची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर करता येते. पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नका, पाच-दहा घरांनी मिळून जा. एकट्याची तक्रार कागद असते, दहांची तक्रार प्रकरण होते.

शेवटची सूचना नियमात बसणारी नाही, पण आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आज या सभेत फसलेले बसले आहेत आणि त्यांना आणणारेही बसले आहेत. बहुतेकदा तो एकच माणूस असतो. आणणाऱ्याने आपण ज्यांना आणले त्यांच्या घरी स्वतः जावे. पैसे परत देणे जमत असेल तर हप्त्याने द्यावे, जमत नसेल तर निदान खरे सांगावे आणि साखळी तिथेच तोडावी. आणि ज्यांच्या घरी तो येईल त्यांनी दार उघडावे. त्याला बसायला सांगा, पाणी द्या. दोन शब्द रागाचे बोलायचे असतील तर तेही बोला, पण दार बंद करू नका. कंपनी आज आहे, उद्या दुसऱ्या नावाने येईल. आपली माणसे मात्र हीच आहेत, आणि आजारपणात, मयतीत, लग्नात आपल्याला यांच्याच खांद्याची गरज पडणार आहे.

येत्या पौर्णिमेला त्या दोन बहिणी एका सतरंजीवर बसलेल्या दिसल्या, तर या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू. 

नमो बुद्धाय. जयभीम.